द्वारका एक-दोन-तीन

माझ्या मोठ्या मामांनी आयुष्यात एखादी गोष्ट लपवून ठेवली, असं जो दाखवून देईल त्याच्या पाया पडायला मी लातूरहून नांदेडपर्यंत चालत जाईन. मामा अर्धापूरला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. फळ्यावर जे लिहायचं ते आधी खणखणीत म्हणायचं, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाले, फळा गेला, आवाज तेवढा राहिला. मोबाइलवर ओटीपी आला की मामा दारात उभे राहून असा वाचत, की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा तो पाठ करून घरी जाई. फोनला लॉक नाही. का, तर "आरं, मी कुठं चक्कर येऊन पडलो तं लोकायनं घरी कसं कळवावं?" कपाळ माझं! आणि मी कॉलेजात पोरांना सायबर सुरक्षा शिकवतो.

भामट्यांचे फोन तर मामांना पाहुण्यांसारखे. "बँकेतून बोलतोय," असं तिकडून आलं की मामा विचारत, "बोला की. गाव कोन्तं तुमचं?" तो बिचारा तोंडाला येईल ते सांगे. "नायगाव? मंग कुणाच्यातले? आमचे साडू तिथलेच हाईत." सोयरीक लावता लावता अर्धा तास जाई, भामटा कंटाळून फोन ठेवून देई, आणि मामा हळहळत, "गोड बोलत होता. घरी ये म्हनायचं राहून गेलं." मामी गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण? मी महिन्यातून एकदा फोन करायचो, तोही घाईत.

मेलचं खातं मीच काढून दिलं होतं, मामी गेली त्या वर्षी. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा म्हटलं, "मामा, तुम्हालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा." मामा म्हणाले, "द्वारका." हे मामीचं माहेरचं नाव. ती जळकोटहून लग्न होऊन आली तेव्हा घरात आजीची जाऊ आधीच द्वारका होती, म्हणून ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमन' लिहिलं गेलं. द्वारका हे नाव जळकोटलाच राहिलं. मशीन आकडेही मागत होतं, म्हणून पुढं एक-दोन-तीन लावले.

तेव्हापासून मामा रोज सकाळी चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर जाऊ लागले. मामांना मेल कोण पाठवणार? जाहिरातींशिवाय काही नसे. पण रोज त्या खुर्चीत बसून सगळ्यांदेखत सुरू, "डी! डब्ल्यू! ए!" सातबाऱ्यासाठी ताटकळणारी मंडळी पुढची अक्षरं सांगत. एकदा मामा मध्येच थांबले तर मागून एक आजी ओरडली, "गुरुजी, एक-दोन-तीन राहिलं की!" मी डोक्याला हात लावला. पासवर्ड बदला म्हणून किती वेळा भांडलो. मामांचं एकच, "फोन बदलतो, बँक बदलतो. हे न्हाई."

शेवटी व्हायचं ते झालंच. कुणीतरी खातं उघडलं, त्यात साठवलेले फोननंबर काढले आणि मामांच्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना कळवलं की मी दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा. पण त्या शहाण्याला इकडची रीत माहीत नव्हती. दवाखाना म्हटल्यावर आपल्याकडे पैसे पाठवून कोण मोकळं होतं? माणसं निघतात! दुपारपर्यंत मामांच्या दारात अकरा जण. मामा धडधाकट, जेवत बसलेले. एकानं तर केळी आणली होती, केळीच्या बागांसाठी नावाजलेल्या अर्धापूरला! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

रविवारी मी गेलो आणि चौदा अक्षरांचा, कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा पासवर्ड करून दिला. मामांनी तो म्हणून बघितला, म्हणता येईना. "मामा, जुना आता कुठंच वापरायचा नाही," मी दरडावलं.

मामा खाली बघत म्हणाले, "भाचे, चाळीस वर्सं तिला नुस्तं 'ऐकलं का' म्हनलं. नाव घ्यायची लाज वाटायची. ती गेल्यावर ह्या मशिनीनं रोज इचारलं, म्हनून तं तोंडात बसलं. आता कोन इचारनार?"

मला फार अपराधी वाटलं. पासवर्ड मात्र मी परत जुना केला नाही, करून चालणारही नव्हतं. त्यांनी सेंटरवर जाणं सोडलं.

तेव्हापासून मी दर रविवारी फोन करतो. आवाज कामकाजी काढून म्हणतो, "नमस्कार, सुरक्षेसाठी एक प्रश्न. आपल्या पत्नीचं माहेरचं नाव सांगा." तिकडून मामा सावकाश, पण खणखणीत सांगतात, "द्वारका."

गेल्या रविवारी मी कामाच्या गडबडीत होतो. तब्येत विचारली, गोळ्या घ्या म्हटलं, पाऊसपाणी झालं, आणि बरंय म्हणून ठेवायला निघालो.

"थांब की," मामा म्हणाले. "आज इचारलं न्हाई."