आईची आठवड्याची गोळी आणि माझी रोजची फेरी

मित्रांनो, आज गंगापूर रोडवरच्या मेडिकलमध्ये भांडायलाच गेलो होतो. आईची संधिवाताची गोळी मोबाईलवर शोधली, तर कॅन्सरचं औषध निघालं! आईने घाबरून ती बंदच केली. आता बोटं इतकी सुजलीत की वेणीही घालता येईना.

काउंटरवर नेमकी माझ्या जुन्या कॉलेजातली प्राजक्ता, जिच्यासाठी मी रोज तिथून गाडी नेतो. भांडण विसरून मी चिठ्ठी आणि मोबाईल तिच्यापुढे ठेवले.

"कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान चिठ्ठी तरी पूर्ण वाच," ती म्हणाली. "संधिवाताला हिचा डोस अगदी कमी असतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचं. भीती वाटली तर डॉक्टरांना विचार, मोबाईलला नको."

घरी येऊन आईचं डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. ती पुन्हा गोळी घ्यायला तयार झाली.

मी म्हटलं, "उद्या मेडिकलमध्ये अजून नीट विचारून येतो."

आई हसली. "गोळी आठवड्यातून एकदा ना रे? मग तुझी फेरी रोज कशाला?"

सांगा, काय उत्तर देऊ?