आवाज नाही, तर हजेरी नाही

आमच्या घाटंजीच्या शाळेतले जुने मास्तर आणि मी, तिथलीच एक शिक्षिका, एकत्र बसलो की चहा हमखास गार होतो. किस्से काही संपत नाहीत. कुणी मुकुटबनच्या सहलीत बैल सुटल्याचं काढतो, कुणी हेडमास्तरांच्या छत्रीचं. पण कुठूनही सुरुवात झाली तरी आम्ही येऊन थांबतो यमुनेपाशी.

सन साठच्या आसपासची गोष्ट. कापूस पिकवणाऱ्या नामदेवरावांची ही मुलगी आठवीत आमच्या शाळेत आली. कुणाच्या तोंडाकडे पाहायची नाही, वर्गात बोलायची नाही, बोटं सारखी परकराच्या काठावरून फिरवत असायची. याला स्वमग्नता म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आमच्याकडे तो शब्द नव्हता, नुसती यमुना होती.

*

भोयर सर तिचे वर्गशिक्षक. नाव पुकारलं की खणखणीत "हजर" आलंच पाहिजे. "आवाज नाही, तर हजेरी नाही," हा त्यांचा कायदा. यमुना पहिल्या बाकावर, त्यांच्या टेबलापुढेच बसायची आणि रोज गैरहजर लागायची.

शेवटी बाजाराच्या दिवशी नामदेवरावांना निरोप गेला, पोरगी शाळेत येत नाही. गाडी तशीच सोडून ते धावत आले. "गुरुजी, मी सोताच तिले फाटकापाशी सोडून जातो. मंग जाते कुठं पोरगी?"

"जाते कुठं? इथंच तं बसून असते," भोयर सर म्हणाले. "पण गैरहजर असते."

स्टाफरूममध्ये आम्ही हसून हसून दमलो. नामदेवराव हसले नाहीत. त्यांनी टोपी हातात घेतली आणि विचारलं, "मंग नाव काटता का जी तिचं?"

हेडमास्तर म्हणाले, सहामाहीपर्यंत पाहू. तिथं निभावलं नाही, तर पोरीला घरी न्यावं लागेल.

*

आमची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई महादेव त्यावर हातोडा असा मारायचा की बाजारातले बैल बिचकायचे. घंटा झाली की यमुना बाकाखाली! नखरे आहेत, लाडावलेली आहे, अशी आमची निदानं सुरू होती.

तिच्या शेजारी बसणारी लीला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. ती एकदा मला म्हणाली, "बाई, तिले राग नाही येत. तिले दुखते."

"तुला कसं गं कळलं?"

"दात आवळते ना ते. माही याडी गुडघा दुखला का तसंच करते."

लीलाच्या आईचा गुडघा आमच्या सगळ्या निदानांपेक्षा खरा निघाला. मग ठरलं, घंटेआधी महादेवनं खिडकीशी येऊन हातोडा वर करून दाखवायचा. यमुना कानात बोटं घालायची, मान हलवायची, मग टोल पडायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पाहिलं आणि विचारलं, "हा काय प्रकार?"

महादेव म्हणाला, "त्या बाईसाहेबाची परवानगी घ्या लागते जी."

*

ठरलेलं ऐनवेळी बदललं की यमुनेला सोसायचं नाही. चित्रकलेऐवजी व्याकरण आलं की ती दारातच उभी. ओढून आत आणली तर रडून घामाघूम. मी सुचवलं, तास बदलायचा तर सकाळीच फळ्यावर लिहू या. आता सकाळी लिहायचं म्हणजे सकाळीच ठरवायला हवं, आणि ठरवायला मास्तरांनी वेळेवर यायला हवं. थोड्याच दिवसांत आम्ही सगळे सुतासारखे सरळ.

हेडमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "मी इतके वर्षं ओरडून राह्यलो. हे पोरगी तं एक शब्द नाही बोलली."

*

सहामाहीची तोंडी परीक्षा आली. भोयर सरांनी इतिहासाचा प्रश्न विचारला. यमुना परकराचा काठ चाचपत उभी. सर शून्य देणार, तेवढ्यात मी म्हटलं, "सर, हातात खडू देऊन तर पाहा."

"तोंडी परीक्षा खडूनं घेऊ?" असं पुटपुटत त्यांनी खडू दिला. यमुना लिहू लागली. फळा भरला. ती चौकट ओलांडून भिंतीवर गेली. भिंतीवरून खिडकीपाशी पोचली तेव्हा सर म्हणाले, "बस कर माय. पास हायेस तू." त्यांच्या तोंडून 'माय' हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. नामदेवरावांना पोरीला घरी न्यावं लागलं नाही.

हजेरीबद्दल यमुनेचं म्हणणंही लीलाकडून सरांपर्यंत पोचलं होतं. "ते म्हणते, मी सरले दिसून राह्यली, मंग इचारते कायले?"

दुसऱ्या दिवशी सरांनी नाव घेतलं, "यमुना." नेहमीची शांतता. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, स्वतःच म्हणाले, "दिसली," आणि पुढचं नाव घेतलं. मॅट्रिकपर्यंत रोज हेच चाललं.

या सगळ्यांची मी ऋणी आहे. पोराला काय येत नाही, हे पाहायला मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्याला काय सोसत नाही, हे पाहायला या माणसांनी शिकवलं.

*

मॅट्रिकच्या मुलांचा निरोप समारंभ आणि भोयर सरांची निवृत्ती एकाच दिवशी आली. मुलांनी ठरवलं, भाषणं नकोत, शेवटची हजेरी होऊ द्या. घ्यायची कुणी? लीला म्हणाली, "यमुना घेईन. तिले सारे नावं पाठ हायेत."

लीलाशी ती बोलायची, पण साऱ्या शाळेपुढे बोलेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. नामदेवराव धोतराचा सोगा मुठीत धरून मागच्या भिंतीशी उभे होते.

यमुना उठली. खिडकीकडे पाहत, एका सुरात, नावं घेत गेली. "हजर," "हजर," उत्तरं येत गेली. यादी संपली. आम्ही टाळ्या वाजवणार, पण ती बसली नाही.

"भोयर सर," ती म्हणाली.

सर उठले. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा प्रयत्न केला. महादेव हातोडा घेऊन दारात तसाच थांबला होता.

यमुनेनं सरांच्या कोटाच्या बटणाकडे पाहिलं.

"दिसले," ती म्हणाली, आणि खाली बसली.