वाकळीतले घास

माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुळजाबाईंना, खोटं बोलता येत नाही असं अख्खं पिंपळगाव रेणुकाई म्हणतं. मी म्हणते येतं, फक्त तासाभराच्या वर टिकत नाही. नाकावर चष्मा, मांडीवर जुनी लुगडी आणि तोंडाचा पट्टा चालू, असा त्यांचा दिवस. गावात त्यांच्या हातची वाकळ नाही असं घर शोधावं लागेल. त्यातली एक आयर्लंडला गेली आणि तिने आमचा जीव पार टांगणीला लावला.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे पोरी श्रावण-भाद्रपदात शाळेत दिसायच्या नाहीत. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर जायच्या. एका फुलाचा पराग दुसऱ्याला हाताने लावायचा, त्याला क्रॉसिंग म्हणतात, आणि लहान बोटांना ते काम लवकर जमतं म्हणून पोरीच हव्या असायच्या. बौद्धवाड्यातल्या बेबीनंदाने सगळ्यात आधी आपली प्रिया प्लॉटवरून उठवली आणि शाळेत नेऊन बसवली. लोक बोलले, तिने ऐकून घेतलं नाही. मग सासूबाईंनी आपली पोर काढली, मग एकेक करत बाकीच्यांनी. ज्या घरची पोर शाळेत परतली त्या घरच्या लुगड्याची एक पट्टी, अशी ती वाकळ झाली आणि शाळेच्या भिंतीवर लागली. त्याच दिवसांत नोरा नावाची आयरिश बाई गावात येऊन राहिली होती. जगात कुठे काय अन्याय चालतो आणि लोक त्याला कसे भिडतात, हे ती तिकडच्या शाळांमधून शिकवते.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. कॉर्क शहरात तिने आणि तिच्या सोबत्यांनी जुन्या चळवळींच्या वस्तू जमवून मांडल्या होत्या. मोर्चातले फलक, बिल्ले, एक फुटका ढोल, आणि प्रत्येक वस्तूशेजारी तिची गोष्ट. शाळेची पोरं येतात, बघतात, प्रश्न विचारतात. तिथे तुमची वाकळ द्याल का?

बायकांनी देवळात बसून होकार दिला. बेबीनंदा तोवर वारली होती. वाकळीतली तिच्या निळ्या लुगड्याची पट्टी सोडली तर प्रियाकडे आईचं काही उरलेलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "काकू, तुमच्या हवाली." वाकळीच्या कडा उसवल्या होत्या. सासूबाईंनी देवळाच्या ओट्यावर बसून त्या नव्याने घातल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनीही चार चार टाके मारले, आणि जालन्याहून पार्सल रवाना झालं.

महिन्याभराने माझ्या मोबाइलवर नोराचा निरोप आला. वाकळीत किडे निघाले होते. तिथल्या बाकीच्या वस्तूंना लागतील म्हणून ती वेगळी बांधून ठेवली होती. किडे नेमके आले कुठून हे कळलं नाही, तर ती जाळावी लागणार होती.

"कुरिअरच्या गोदामात लागले असतील," मी म्हणाले. सासूबाईंनी नुसती मान डोलावली. तासाभराने चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दीपमाला, म्या घास ठेवल्ता."

वाकळ पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून टाका मारायचा, ही आमच्याकडची रीत. उपाशी वाकळ घराबाहेर काढत नाहीत. ते ठीक आहे, पण परदेशी जाणाऱ्या पार्सलात भाकरी? मी जाम भडकले. "अहो आत्याबाई, कुठे काय करावं याचा काही विचार?"

"इतक्या लांब चालल्ती. तशीच कशी धाडू?"

राग गिळून मी म्हणाले, "आपण गोदामाचंच नाव सांगू. कोणाला कळणार आहे?"

"न्हाई. गोदामाचं सांगितलं की ते कोपरा उसवणार न्हाईत, किडे आतच ऱ्हातील, अन् शेवटी जाळून टाकतील. मंग प्रियाला काय तोंड दाखवू?" एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. मी त्यांना सासरे गेले तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

प्रिया आता घनसावंगीला शिक्षिका आहे. नोराशी इंग्रजीत बोलायला ती रविवारी गावी आली. सासूबाईंनी तिला देवळात नेलं, बायकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"कोणत्या कोपऱ्यात, काकू?" प्रियाने विचारलं.

"तुझ्या आईच्या पट्टीपाशी."

मग शेजारची दैवशाला खाकरली. "आत्या, दुसऱ्या कोपऱ्यात माझाबी हाय. पुरणपोळीचा."

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "का गं? म्या काय उपाशी धाडली असती व्हय?"

"तुम्ही इसरल्या तर, म्हणून."

तेवढ्यात प्रियाने पदरात तोंड लपवलं. मला वाटलं रडून राह्यली. ती हसत होती. "काकू, तिसऱ्यात पेढा हाय. मीच ठेवल्ता, आईच्या नावानं. तुमचं ऐकून मला इतकं हलकं वाटून राह्यलं, काय सांगू!"

देवळात असा हशा पिकला की पुजारी बाहेर आले. सासूबाई एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्याने दैवशालेला धपाटे घालत होत्या.

तिथूनच व्हिडिओ फोन लावला. प्रियाने तिन्ही कोपरे सांगितले. नोराने आधी कपाळावर हात मारला आणि मग तीही आमच्यासारखीच हसली. कोपरे उसवून, वाकळ कडक थंडीत ठेवून किडे मारता येतील, असं तिने तिथल्या जाणकारांना विचारून कळवलं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही नुसत्या फोनकडे बघत बसलो.

शेवटी एका रविवारी, प्रिया गावी आलेली असताना, नोराचा चेहरा पडद्यावर आला आणि तिच्यामागे भिंतीवर वाकळ. निळी पट्टी जशीच्या तशी. सुटलो एकदाचे! सासूबाईंनी मोबाइलवरूनच त्या पट्टीवर हात फिरवला.

नोरा म्हणाली, कोपरे रिकामे करून शिवलेत, आता आत खायचं काही ठेवता येणार नाही.

"बिलकुल न्हाई?" सासूबाईंनी जरा विचार केला. "मंग बघायला येतील त्या पोरांना काहीतरी खायला घाल म्हणावं. पोरांनी खाल्लं की वाकळीला पोचलं."

प्रियाने ते सांगितलं. नोराला फार आवडलं. फक्त, पोरं विचारतील की हे कोणाकडून, तर काय सांगू?

सासूबाई पटकन म्हणाल्या, "बेबीनंदाकडनं."

प्रियाने पदर डोळ्यांना लावून मोबाइल माझ्या हातात दिला. तिकडे नोरा वाट बघत होती. शेवटी मीच माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोबाइलमध्ये जोरात सांगितलं, "फ्रॉम बेबीनंदा."