पाठमोरा झोत

झाडांना पाणी घालताना ताई नळीच्या तोंडावर अंगठा दाबायची. चिळकांडी थेट पलीकडच्या गल्लीत. कुणी भिजून ओरडलं की म्हणायची, "दिसला न्हाईस रं! पण दिसला न्हाय म्हंजी नव्हतास असं न्हाय."

बारामतीत ती आमच्या शेजारी राहायची. कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात दूरच्या दीर्घिकांमधून निघणाऱ्या झोतांचा अभ्यास करायची. दीर्घिकेच्या मध्यावर प्रचंड कृष्णविवर; त्याच्या भोवऱ्यातून दोन्ही अंगांना द्रव्य उसळतं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं, आणि अख्खी दीर्घिका ओलांडून जातं. रेडिओ दुर्बिणींनी टिपलेली त्यांची चित्रं तिच्या भिंतीवर होती. संध्याकाळी त्यांच्याकडे बघत बसलं की भिंत हळूहळू लांब सरकते आहे असं वाटे. संगणकावर ती तसाच झोत घडवू पाहायची. तो थोडा सरळ जाई आणि विस्कटे. "फिसकटलं गं," म्हणून ती चहा टाकायची.

मी तेव्हाही पत्रकं लिहायचे. ज्ञान लोकांच्या भाषेत आलंच पाहिजे. आजही मी त्यावर भांडायला तयार आहे. ताई वाचून म्हणायची, "बरोबर हाय. उद्गारचिन्हं काढ, मग आणखी बरोबर हुईल."

तिला एकच गोष्ट सलायची. तिचे वडील, तात्या, पळसदेवला राहायचे. लेक काय करते असं कुणी विचारलं की "कॉम्प्युटरचं कायतरी" म्हणून विषय बदलायचे. अशात तिला परदेशी काम मिळालं. "जायच्या आधी तात्यांना सांगता आलं पाहिजे," ती म्हणाली. "त्यांच्या शब्दांत."

म्हणून पळसदेवातच तिचं व्याख्यान ठरवलं. पत्रक अर्थात माझं. लोकांच्या तोंडचा शब्द हवा म्हणून मी 'झोत' खोडून लिहिलं: 'विश्वातला सर्वांत ताकदवान जेट! आपल्या गावात! मोफत!'

पटांगण भरलं. सगळे जेट पंप बघायला आले होते.

"मोटार किती एचपीची, ताई?" पहिलाच प्रश्न.

मी कपाळाला हात लावला. ताई मात्र खुलली. "मोटार म्हंजी कृष्णविवर. एचपी लिवायला पाटी पुरायची न्हाय."

"बोअर किती खोल?"

"तळच लागत न्हाय."

"मग सबसिडी न्हाय मिळायची!" मागून कुणीतरी म्हणालं. पटांगण हसलं.

तात्यांनी पडद्यावरच्या चित्राकडे बोट केलं. "एकाच अंगाला उडतंय. दुसरं तोंड चोक झालंय का?"

"न्हाय, तात्या. जोर दोन्हीकडं सारखाच. लई वेगात हायती ना, म्हणून आपल्याकडं येणारा उजळ दिसतो. पाठमोरा जाणारा मंद."

पटांगणापलीकडे उजनी धरणाचं पाणी तुडुंब होतं. त्याखाली जुनं देऊळ बुडालेलं होतं, तिकडे तात्या बघत राहिले. परतताना ताई गाडीत म्हणाली, "फिसकटलं गं." थोड्याच दिवसांत ती परदेशी गेली.

यंदा उन्हाळ्यात मी पळसदेवला गेले. पाणी उतरलं होतं, देवळाचं शिखर उन्हात वाळत होतं. तात्या वांग्यांना पाणी देत होते. जाळं खांद्यावर घेतलेला एक जण बांधावर थांबला.

"तात्या, पोरगी दिसंना ती?"

"हाय की. सध्या पाठमोरी हाय, म्हणून मंद दिसती."

मग त्यांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी बांध ओलांडून पार पलीकडं गेलं.

"जोर तेवढाच हाय."