आपलीच हाय ती

नव्वद साली लग्न होऊन कळमनुरीजवळच्या गावात आले, तेव्हा सासरचं कुत्रं माझ्यावरच भुंकायचं. सासूबाई चुलीपुढून दटावायच्या, "गप रे, आपलीच हाय ती." मग ते शेपूट हलवत बसायचं.

सासूबाई गेल्या, आणि पुढं काही वर्षांनी माझ्या बोटांचे सांधे सुजले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "शरीराच्या राखणदार पेशी तुमच्याच सांध्यांवर उठल्यात. हे आपलंच आहे, असं सांगून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या तुमच्यात कमी पडतात." मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

एसटीनं एकटीच परत आले. दिरानं आणलेलं नवं कुत्रं दारातच भुंकत अंगावर आलं. नवऱ्यासकट सगळे आत टीव्हीपुढं बसले होते. कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.