बरडावरचं मारवेल

वर्ध्याहून आर्वीमार्गे कारंज्याला (घाडगे) उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. हायवेवरच्या धाब्यात ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले आणि माळाकडच्या एका गावासाठी ऑटो केला.

केळझरजवळच्या आमच्या गायरानातली घाणेरीची झुडपं आम्ही काही बायकांनी मिळून उपटली होती. तिथं मूळचं गवत रुजलं नाही, तर ती पुन्हा माजणार होती. कारंज्याकडच्या बरडांवर (मुरमाड माळांवर) अजून मारवेल नावाचं तसं गवत आहे असं ऐकून मी बी गोळा करायला आले होते.

गावच्या चौकात ऑटोतून उतरताच चार माणसं बोलायची थांबली.

"कोन्त्या कंपनीच्या?" एकानं विचारलं.

"कंपनीची नाही. गवताचं बी पाहिजे."

कुणाचाच विश्वास बसला नाही. शेवटी शालिकभाऊ नावाचे वयस्क गवळी उठले. त्यांच्या पांढऱ्या गवळाऊ गाई त्याच माळावर चरत होत्या. "चाला, दाखवतो," ते म्हणाले आणि खांद्यावर कुऱ्हाड घेतली.

गावाबाहेर पडल्यावर ते माझ्या मागे चालू लागले. मी थांबले की तेही थांबत. नाल्याच्या कोरड्या पात्रात शिरलो आणि मला धास्ती वाटू लागली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुसळं साडीच्या काठात घुसून टोचत होती, पण वाकून काढायचाही धीर होईना.

"कुऱ्हाड कशाला घेतली, भाऊ?"

"राह्यते सोबत."

नाल्यापलीकडच्या उतारावर त्यांनी बोट दाखवलं. "हे घ्या तुमचं मारवेल. भरा पिशवी."

गवत दिसायला तसंच होतं. काडीच्या टोकाला बोटांसारखे फुटलेले तुरे, जांभळट झाक. मी एक तुरा तोडून चुरगाळला. उग्र वास आला. मारवेलाला असा वास नसतो. आता मला या माणसाचाच संशय आला. मला बनवून परत पाठवायचं होतं, की आणखी काही मनात होतं?

"भाऊ, हे मारवेल नाही."

"मले मालूम हाय," ते शांतपणे म्हणाले.

"मग इथं का आणलं?"

"मांगं असेच दोघं आल्ते. गवत पाह्यतो म्हने. हेच दाखवलं त्यायले, तर मारवेल समजून खुशीनं फोटो काढत बसले. पुढच्या साली आमच्या अर्ध्या चराईले कंपनीच्या तारेचं कुंपन पडलं. गाई कोठी न्यायच्या आमी?"

ते वळून वरच्या अंगाला चालू लागले, या खेपेला माझ्या पुढे.

वरच्या सपाटीवर खरं मारवेल होतं. पेऱ्यापेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं होतं. भिंगातून ते पाहिलं आणि खात्री पटली. पिकलेला तुरा चिमटीत धरून ओढला की बी अलगद हातात येत होतं. हिरवे तुरे मी तसेच ठेवले. शालिकभाऊ बांधावर बसून पाहत होते.

"सारं नेसान का?"

"नाही. प्रत्येक ठोंबाचं थोडंथोडंच. बाकीचं इथंच पडू दे."

निघताना त्यांनी पिशवी मागितली, गमछा अंथरून सगळं बी त्यावर ओतलं आणि बोटांनी चाळून पाहिलं. बीशिवाय दुसरं काही सापडलं नाही. बी पुन्हा भरून देत ते म्हणाले, "तुमचा नंबर देजा."

परतीच्या बसनं आर्वी सोडली आणि फोन वाजला.

"बसले का गाडीत?" शालिकभाऊंचा आवाज. काळजीनं विचारतायत असं वाटून मला बरं वाटलं.

"हो भाऊ, बसले."

"कंडक्टरले द्या बरं फोन."

कंडक्टर जवळच उभा होता. गोंधळून त्यानं फोन कानाला लावला. "हो, वर्ध्याचीच गाडी हाय... हो, बाई एकटीच हाय... नाई, संगं कोनी साहेब नाई."

फोन परत घेताना मला राग आला होता. दिवसभर उन्हात राबून शेवटी कंडक्टरची साक्ष लागली. पण खिडकीबाहेर तारांनी वेढलेले माळ मागे पडत गेले, तसा तो राग उतरत गेला. उद्या आमच्या गायरानात कुणी अनोळखी माणूस रिकामी पिशवी घेऊन शिरला, तर मीही त्याच्या मागूनच चालेन.