दारातल्या अक्षता

लढाईवरून परत आल्यावर यांनी साताऱ्याहून एक जुनी मोटार आणली. पलटणीत लॉऱ्या चालवून आलेल्या माणसाचं मन उसाच्या बांधावर रमेना. मोटार कराडजवळच्या आमच्या गावात शिरली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला नव्या नवरीसारखं दारात थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं आणि लाल रंगवलेल्या जोंधळ्याच्या अक्षता ओंजळीओंजळीने टाकल्या. माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या पडल्या नव्हत्या. मला तर सवतच घरात आल्यासारखं वाटलं.

आषाढात या सवतीच्या मागच्या दाराची काच बिघडली. काच खाली-वर करायला दारात एक दांडा फिरवावा लागे. तो फिरवला की आतून खर्र खर्र आवाज येई, काच तिरकी होऊन अडके आणि मग धाडकन खाली जाई. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण नेमका तेव्हाच कराडला माझ्या वडिलांचा, आबांचा, दमा उसळला आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पावसाळी वारा लागला की आबांना खोकल्याची उबळ येई, आणि सगळं बंद केलं की जीव घुसमटे. काच हवी तिथे थांबली नाही तर त्यांना एवढ्या लांब न्यायचं कसं? माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सल्ले देणारे जमलेच. एकाने दाराला लाथ घालायला सांगितली, एकाने तेल ओतायला. आत्याबाई म्हणाल्या, "नजर लागलीया. लिंबू-मिरची बांध."

यांनी आईचा शब्द मोडला नाही. लिंबू-मिरची बांधली आणि मग दाराला कान लावून बसले. मला म्हणाले, "तू दांडा फिरव. सावकाश, जात्यावर बसल्यागत."

मी फिरवत राहिले. मला नुसता खरखराट ऐकू येत होता. हे मात्र डोळे मिटून ऐकत होते.

"दांड्याच्या आतल्या चाकाचं दातं झिजलं न्हाईत," थोड्या वेळाने हे म्हणाले. "झिजलं असतं तर सगळीकडं सारखंच वाजलं असतं. काच खाली आली की आवाज वाढतोय. आत कायतरी दळतंय बघ."

दाराचं आतलं अस्तर सोडवलं तर बुडाशी पाणी साचलेलं, आणि त्यात लाल जोंधळे! काही फुगले होते, काहींना चक्क मोड आले होते. मोटार आली त्या दिवशी सगळ्यांना आत बघता यावं म्हणून काच उतरवून ठेवली होती. तिच्या फटीतून अक्षता आत गेल्या, पाणी जायचं भोक बुजवून बसल्या, आणि चाकाच्या दातांत नि काचेच्या खाचेत रुतल्या. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी ओसरीवरच्या आईकडे बघून हळूच मान हलवली. माझ्या केसांतला आकडा घेऊन एकेक दाणा टोकरून काढला आणि मूठ खिशात रिकामी केली.

"काय निगालं रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"गंज व्हता, आई."

"तरी म्हणलं, लिंबानं गुण यायचाच!"

मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला. तेव्हा असं बोलायची सोय नव्हती, म्हणून आता लिहिते.

दुसऱ्या दिवशी आबा त्याच काचेशी बसले. उबळ आली की काच चढवायची, घुसमटलं की चार बोटं उतरवायची, असं करत आम्ही निघालो. वाटेत त्यांना काचेच्या कडेला एक लाल दाणा सापडला. "ह्यो हितं कसा?" त्यांनी विचारलं. यांनी खरं ते सांगितलं आणि वर म्हणाले, "मामा, आईला कळू देऊ नगा. लय मनाला लावून घेईल." आबांनी दाणा कोपरीच्या खिशात टाकला. सांगलीच्या अलीकडे त्यांना बसल्या बसल्या झोप लागली. दम्याने कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी पदर तोंडाला लावून मुकाट रडून घेतलं.

दसऱ्याला आबा बरे होऊन आमच्याकडे आले, ते कौतुकाने मोटारीत आपल्या जागेवर जाऊन बसले. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यात अक्षतांचा लालभडक ढीग होता. यांनी आबांकडे नुसतं बघितलं. आबांनी दांडा फिरवला आणि काच आवाज न करता वरपर्यंत गेली.

"टाक आता, आई," हे म्हणाले. "हात आखडू नगंस."